तोंड दिसेल अशी कडी

सोमवार, ३ मार्च

ठरलं. मागच्या खोलीच्या दाराची कडी मी घरीच चमकवणार. बाबांनी जेवताना अट घातली: रविवारी त्या कडीत त्यांना स्वतःचं तोंड दिसलं तर खोली माझ्या वर्कशॉपला, नाहीतर दादाच्या डंबेल्सना. दादा म्हणाला, तोंड बघायला घरात आरसे आहेत की. हसून घे म्हणावं.

झिंक प्लेटिंग म्हणजे विजेने लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवणं, त्यात अवघड असं काही नाही. व्हिनेगर, एप्सम सॉल्ट, चमक यावी म्हणून थोडी साखर, जस्ताची पट्टी, जुना चार्जर. बुधवारी काम संपेल. मग टेबल कुठे ठेवायचं तेवढं ठरवायचं.

मंगळवार, ४ मार्च. सकाळ

कडी काढली. व्हिनेगरमध्ये गंज उतरवला, घासली, धुतली, कोरडी केली. मग तेलाच्या फडक्याने नीट पुसली. उघडं लोखंड दिसलं की तेलाचा हात फिरवायचा, हे बाबांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. दादा कधी करत नाही. त्याची डंबेल्स बघावीत, गंजून लाल झालीत. कडी चार्जरच्या तारेला अडकवून व्हिनेगर-मिठाच्या टबात सोडली.

दुपार

काळपट. अंगभर डाग. चार्जर दादाचा होता, यातच सगळं आलं.

बुधवार, ५ मार्च

दुसरा चार्जर. पुन्हा घासणं, धुणं, तेल. तेल आज जरा सढळच, उगाच निष्काळजीपणाचा ठपका नको. रंग राखेचा. नख लावलं की पोपडा निघतो.

साखर कमी पडली असणार. आईकडे मागितली, तर म्हणाली, कडीचं लोणचं घालतेस की सरबत करतेस ते एकदा ठरव, आणि ते दार दिवसभर आपटतंय त्याचं बघ. ज्या घरात दाराचं कौतुक विज्ञानापेक्षा जास्त, तिथे चमक येणार कुठून?

गुरुवार, ६ मार्च

साखर वाढवली. चमक नाही. मुंग्या आल्या.

शुक्रवार, ७ मार्च

संताप, संताप. ऐन वेळी आईने दार धरायला हाक मारली. त्या गडबडीत कडीचा एक स्क्रू धुतल्या धुतल्या, तेल न लावताच, तारेला अडकवून टबात सोडला गेला. आणि तोच लख्ख निघाला! नव्या चमच्यासारखा. शेजारी मी जिवापाड पुसलेली कडी, जणू चुलीतून काढलेली.

अशाने कष्ट करणाऱ्याने करायचं काय? शिस्त मोडून उजळलेली वस्तू मी माझी मानणार नाही. स्क्रू डबीत टाकला आणि झाकण घट्ट लावलं.

शनिवार, ८ मार्च

दोष शोधला. मीच कमी पडत होते. आज दोनदा तेल.

दादा हळूच येऊन म्हणाला, दे इकडे, प्लेटिंगवाल्याकडून करून आणतो, बाबांना कळणारसुद्धा नाही. माझ्या तत्त्वांवर घाला! इतकी ओरडले की तो बिचारा दारावरच आपटला. दार उघडंच होतं म्हणा.

कडी अजून टबात. या वेळी नक्की.

रविवार, ९ मार्च

बाबांनी कडी खिडकीशी नेऊन उलटसुलट केली. तोंड सोडाच, नाकसुद्धा दिसेना. मग त्यांनी डबी उघडली. स्क्रू बघून खुलले. म्हणाले, यात दिसतोय की मी, चिमुकला का होईना. हा जमला तर कडीही जमेल, जा, खोली घे.

खोटं श्रेय मी कशी घेणार? सांगितलं, तो माझा नव्हे, त्याला तेल लावायचं राहिलं होतं. आणि अट कडीची होती, स्क्रूची नव्हे, हेही बजावलं.

बाबांनी विचारलं, म्हणजे बाकी सगळ्याला लावलंस? टबात सोडायच्या आधी? मी ताठ मानेने हो म्हणाले. बाबा खुर्चीत बसले. म्हणाले, अगं बाई, तेलकट लोखंडावर जस्त धरतं होय? तेल काम झाल्यावर!

काम झाल्यावर. हे दोन शब्द या घरात आजवर कुणी उच्चारले होते? आई हसून हसून पाणी प्यायला गेली. दादा हसला नाही, त्याचा जास्त राग आला.

संध्याकाळ

डंबेल्स आत गेली. अट ती अट. कडी मीच परत बसवली. एक स्क्रू कमी पडला, म्हणून डबीतला लावावा लागला.

दादाने आत्ताच त्यात बघून केस सारखे केले.