पहिलं कवेलू

माय, आज दुपारी गच्चीवर वाळत घातलेली चादर आणायला सून जिना चढून गेली आणि मी खालून उगाच ओरडलो, "सांभाळून चढ." जिना सिमेंटचा आहे, त्याला कठडा आहे, पडायचं काही कारण नाही. ती वरूनच हसली. "बाबा, तुम्हाला जिन्याची एवढी भीती काऊन वाटते?" म्हणाली. तिला काय सांगणार? आपल्या चांद्याच्या घराला जिना नव्हता, बांबूची निसणी होती आणि त्या निसणीवरून मी तुला चढताना पाहिलं आहे, हे सांगायला बसलो असतो तर तिची सारी संध्याकाळ गेली असती. म्हणून तुलाच लिहायला बसलो. तुला यातलं सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही, तिच्यापर्यंत हळूहळू येतो.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. बाबा गेले होते, मी मॅट्रिक होऊन मास्तरकीची वाट पाहत होतो, आणि आपल्याजवळ होतं ते घर. मातीच्या भिंती, वर देशी कवेलू, ज्यांना इकडे कौलं म्हणतात, अंगणात कडुनिंब. आठवतो मला तो स्वयंपाकाचा कोपरा. तू चुलीपुढे बसली आहेस, मी उंबऱ्यावर, आणि तू म्हणतेस, "म्हण रे तुही नदी." चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता. मला त्या वेळी सगळ्या पुस्तकांतल्या सगळ्या कविता पाठ होत्या, पण तुला नदीच लागायची. कविता संपली की तू झाकण काढून भाताचं शीत दाबून पाहायचीस आणि म्हणायचीस, बरोबर शिजला. वैशाखात चांद्याच्या भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असत, हात लावला तर भाकरीच्या तव्यासारख्या. त्या उकाड्यात बसून मी नदी म्हणायचो आणि मला खरोखर गार वाटायचं. तुला वाटायचं की नाही, कधी विचारलं नाही.

पूर्वेकडची खोली तू किरायानं दिली होतीस. किरायदार लाकडाच्या एका वखारीत मुनीम होता, देशावरचा, आधी आलापल्लीच्या जंगलात राहून आलेला. अंगानं भरलेला, भर उन्हात कोट आणि काळी टोपी घालणारा, आणि ऊन लागू नये म्हणून कोटाच्या खिशात कांदा बाळगणारा. इथली तेवढी एकच गोष्ट त्याला पटली होती. बाकी सगळ्याला त्याची हरकत. खिडकीला वाळ्याची ताटी बांधून तो दिवसभर तिच्यावर विहिरीचं पाणी शिंपडे, आणि विहिरीचा तळ दिसायला लागला की मोहल्ल्यातल्या बाया आपल्या दारात येऊन बोलत. तू भांडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "भाऊ, सांजच्या पाण्यातून तुमच्या ताटीचं पाणी घ्या. पण ओढा तुमीच." दोन दिवस त्यानं रहाट ओढला आणि ताटीची तहान आपोआप कमी झाली. मग त्याला अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास सोसेना. "बाई, मी सभ्य माणूस आहे. या घरात दारू गाळतात असं लोक म्हणतील." तू फुलं पालथी करता करता मान वर न करता म्हणालीस, "लोकं म्हणतीन, मोहफुलं वाळून राह्यले."

पण त्या वर्षी गोष्ट थट्टेची राहिली नाही. आदल्या पावसाळ्यात घर फार गळलं होतं. मागची भिंत ओली होऊन फुगली होती. पावसाळ्याआधी कवेलू फेरले नाहीत, म्हणजे उतरवून, फुटके काढून, पुन्हा रचले नाहीत, तर ती भिंत बसणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. आणि आपल्या मोहल्ल्याची रीत अशी, की पहिलं कवेलू घरच्या कर्त्या पुरुषानं उचलायचं, तेही आढ्याच्या पूर्वेकडच्या टोकाचं. त्याशिवाय फेरणारे छपराला हात लावत नसत. लग्न न झालेल्या पोराचा हात त्यात चालत नसे, म्हणून मी बाद. बाबा गेल्यापासून ते कवेलू मोठेबाबा उचलत, माझे काका, बाबांचे थोरले भाऊ. आणि पूर्वेचं टोक नेमकं किरायदाराच्या खोलीवर.

किरायदार आडवा पडला. गळतं म्हणून पावसाळाभर ओरडणारा हाच माणूस, आणि आता म्हणे माझ्या खोलीच्या छपराला हात लावायचा नाही, कायदा माझ्या बाजूनं आहे, माझ्या डोक्यावर कुणी चढायचं नाही. मोठेबाबांना आयतंच निमित्त सापडलं. ते ओसरीवर खाटेवर बसले, तू दाराआड डोक्यावरून पदर घेऊन उभी राहिलीस. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडावर बोलायचं नाही ही तुमच्या काळची रीत, म्हणून मधे मी. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं, तरी मधे मी.

"तुह्या मायले सांग," मोठेबाबा म्हणाले, "किरायदार निघाल्याबिगर मी निसणीवर पाय ठेवत नाई. बाईमाणसाच्यानं किरायदार आवरत नाई, हे दिसूनच राह्यलं. भिंत पडाच्या आधी माह्या घरी या. दोन खोल्या हायेत. हे घर मी पाह्यतो."

"त्याहीले सांग," तू दाराआडून म्हणालीस, "त्या दोन खोल्यांत त्याहीच्या गाई बांधल्या रायतात. गाई कुठी जातीन?"

मी जसंच्या तसं सांगितलं. मोठेबाबा पान चावत राहिले. पण ते गेल्यावर तू चुलीपुढे बसून राहिलीस आणि मला नदी म्हणायला सांगितली नाहीस. तेव्हा मला कळलं की हे घर जाऊ शकतं. मोठेबाबांनी एकदा 'पाह्यलेलं' घर परत कुणाला मिळत नसे.

मी म्हणालो, मी मुनिमाला दोन शब्द सुनावतो. तू म्हणालीस, "काऊन? तो वाईट नाई. भेला हाये." मला समजेना. तू तांदूळ निवडता निवडता सांगत गेलीस. तो रोज सकाळी जोडे उलटे करून काठीनं ठोकतो. वैशाखात, मच्छर नसताना, मच्छरदाणी लावून आत उकडत झोपतो. खाट भिंतीपासून हातभर दूर, आणि तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत. दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर आला तेव्हा तू सहज विचारलंस, "आलापल्लीले तुमच्या खोलीचे कवेलू फेरले होते काय, भाऊ?" त्याचा चेहरा उतरला. "त्याचा इथे काय संबंध?" म्हणून बादली तशीच सोडून गेला. तेवढं तुला पुरलं. कवेलू हलवले की विंचू खाली पडतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. आपण त्या दिवशी अंथरुणं बाहेर काढतो. त्याला आलापल्लीत कुणी सांगितलं नसावं, आणि विंचू अंथरुणातच डसला असावा. मला हसू आलं, मी म्हणालो, हे मोहल्ल्यात सांगतो, मग पाहू कसा कायदा काढतो. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी अजून विसरलो नाही. "कोणाच्या भेवाचा बोभाटा कराचा नाई. त्याचं भेव त्याच्यापाशी राहू दे. आपलं घर आपल्यापाशी राह्यलं म्हणजे झालं."

मग तो रविवार. फेरणारे कडुनिंबाखाली उकिडवे बसून विडी ओढत आहेत, मोठेबाबा ओसरीवरच्या खाटेवर आहेत, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत आहेत. तू आतून बाहेर येतेस. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. निसणी उचलतेस आणि किरायदाराच्या खोलीच्या उंच भिंतीला लावतेस.

तो दार उघडून बाहेर आला. "बाई, मी स्पष्ट सांगितलं आहे, माझ्या डोक्यावर कुणी चढायचं नाही."

"तुमच्या डोक्यावर कोण चढते, भाऊ? मी माह्या घरावर चढून राह्यली. तुमचं अंथरूण मांडवात नेऊन टाका आधी, त्याच्यावर माती पडन."

त्यानं मान वर करून आढ्याकडे पाहिलं. मग काय मनात आलं कोण जाणे, आत गेला आणि गादी, मच्छरदाणी, सगळं छातीशी धरून अंगणातल्या मांडवात टाकून आला.

"आता निसणी धरा," तू म्हणालीस.

"मी?"

"पोरगं हलकं हाये, वाऱ्यानं हालते. तुमचं वजन कामाचं हाये."

फेरणाऱ्यांतला एकजण खोकल्यासारखं हसला. किरायदारानं टोपी सारखी केली आणि दोन्ही हातांनी निसणी धरली. मोठेबाबा खाटेवरून उठले. "तुह्या मायले सांग, खाली उतर म्हणा. भासऱ्याच्या डोक्यावर चढते काय बाईमाणूस?"

तू तिसऱ्या पायरीवर होतीस. मागं न पाहता म्हणालीस, "त्याहीले सांग, लाज वाटत असन त खाट फिरवून बसा म्हणा."

आणि माय, त्यांनी खरंच खाट फिरवली. भिंतीकडे तोंड करून बसले. घरी निघून मात्र गेले नाहीत.

निम्म्यावर तू थांबलीस. उंचीनं तुझे डोळे फिरत, जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा तू कधी बसली नाहीस. "म्हण रे तुही नदी," तू म्हणालीस, "म्हंजे मले खाली पाहाचं नाई." मी म्हणू लागलो. अंगणाच्या मधोमध, शाळेत उभा राहावा तसा हात बांधून. डोंगरातून नदी निघाली, शेतांत आली, तू एकेक पायरी चढत गेलीस. तू शेवटच्या पायरीवर पोचलीस आणि आढ्याच्या टोकाला हात लावलास तेव्हा मी थांबलो. पुढची ओळ येईना. आणि निसणीच्या पायथ्यापासून एक जाड आवाज आला. किरायदार. त्यानं पुढची ओळ म्हटली, तीच आपल्या पुस्तकातली, तशाच चालीवर. कुठल्या तरी गावात त्यालाही कुणी हात बांधून उभं केलं असणार. मी सूर धरला आणि उरलेली नदी आम्ही दोघांनी मिळून समुद्राला नेली. तू कवेलू उचललंस.

उचललंस, खाली पाहिलंस, आणि दुसऱ्या हातानं फुटक्या कवेलूचं खापर घेऊन काहीतरी पलीकडच्या अंगाला उडवलंस.

"काय आहे?" किरायदारानं विचारलं. निसणी थरथरत होती.

"पालीचं पिल्लू," तू म्हणालीस. "धरून ठेवा."

त्यानं धरून ठेवली. तू खाली उतरलीस, फेरणारे वर चढले. छप्पर उघडं असेल त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नसे, शेजाऱ्यांकडून ताटं येत. संध्याकाळी किरायदार आपल्या पंगतीत मांडवाखाली बसला आणि वरण पातळ आहे म्हणून कुरकुरत पोटभर जेवला. तो आंचवायला गेला तेव्हा तू माझ्याकडे वाकून म्हणालीस, "इचू होता. चांगला काळा."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"त्यानं निसणी सोडली असती त मी कुठी गेली असती?"

ती भिंत पुढं कितीतरी पावसाळे उभी राहिली. तुझ्या हाताला मोहल्ल्यात कुणी नाव ठेवलं नाही. ठेवलं असेल तर माझ्या कानावर आलं नाही. दर वर्षी पहिलं कवेलू तूच उचललंस. मोठेबाबा दर वर्षी येत, खाट फिरवून बसत, आणि काम संपलं की माझ्यामार्फत तुझ्याकडे चहा मागत. पुढे मागल्या गल्लीतल्या एका विधवा बाईनंही स्वतः निसणी लावली, आणि धरायला तिनं तुला बोलावलं. किरायदार सुधारला असं काही झालं नाही. पाण्यावरून, मोहफुलांवरून, आपल्या कोंबड्यांवरून तो शेवटपर्यंत हरकती काढत राहिला. पण निसणी धरायच्या दिवशी तो सकाळीच कोट काढून तयार असे, आणि त्याची बदली वडशाला झाली तेव्हा जाताना तुझ्या पाया पडला, तेही कसली तरी तक्रार करता करता.

मी पुढे मास्तर झालो, जंगलातल्या किती शाळांतून नदीची कविता शिकवली. तू मात्र पाहुण्याराहुण्यांसमोर एकच गोष्ट सांगायचीस, "याले मोठं पाठांतर, आन ऐन वक्ताले भुलला. मुनिमानं सांगितली ओळ." सगळे हसत, मीही हसत असे. मला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. ती गोष्ट सांगताना तुझा चेहरा जसा होई, तो पाहायला मिळावा म्हणून मी कधी मधे बोललो नाही. आता हा कागद घडी करून त्या जुन्या क्रमिक पुस्तकात ठेवून देईन, दुसरीकडे कुठे पाठवणार?

मी ती ओळ विसरलो नव्हतो, माय. तू आढ्याच्या टोकाशी उभी होतीस, काष्टा मारलेली, मागं वैशाखाचं पांढरं आभाळ, आणि घराच्या वर, अख्ख्या मोहल्ल्याच्या वर, दुसरं कुणी नव्हतं. ओळ माझ्या तोंडात होती. तुला पाहून आवाज निघाला नाही.