मागच्या बाकावरची सहायक

३ ऑगस्ट

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

छत्री पोचली. दांडा तुम्हीच बसवलेला दिसतो. छत्री मोडेल, पण दांडा मोडायचा नाही.

विचारलंत म्हणून सांगते. शिक्षणशास्त्राच्या आम्हा मुलांना इथे सहायकवृत्ती मिळते. सरांच्या संशोधनात पडेल ते काम करायचं, त्याबदल्यात फी माफ आणि खोलीभाडं, जेवण निघेल एवढे पैसे. दर सत्राला सरांची सही झाली तर पुढे चालू, नाहीतर बोऱ्याबिस्तरा गुंडाळायचा. मी एका शाळेत मागच्या बाकावर बसते आणि सरांच्या नव्या पद्धतीने शिकवल्यावर किती मुलं हात वर करतात ते टिपते.

गंमत अशी की प्रश्न विचारला की सगळा वर्ग हात वर करतो. उत्तर येणारे उजवा, न येणारे डावा. बाई फक्त उजव्या हातांना विचारतात. मुलांना तसं पढवलंय. सरांना ठाऊक आहे की नाही, देव जाणे. हे आपल्या दोघांत ठेवा, आईलासुद्धा नको.

तुमचा लोभ आहेच, माझ्या आगाऊपणासकट राहू द्यावा.

तुमची पंडितीण


११ ऑगस्ट

चि. पंडितिणीस अनेक आशीर्वाद.

आईला सांगितलं नाही. तुझ्या सरांना मात्र काल पत्र टाकलं. घाबरू नकोस, भाषा अदबीची आहे. दोनदा नक्कल केली, एक खाडाखोड नाही.

मी शिवणमशिनं दुरुस्त करणारा माणूस. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते मशीन उघडून. वरून टीप सुरेख आणि कापड उलटलं की खाली दोऱ्याचा गुंता, असं झालं तर गिऱ्हाइकानं मला सांगायलाच हवं. राग कसला? मी चहा पाजतो. मग एवढा शिकलेला माणूस आभारच मानेल की. तुझं नाव मुद्दाम घातलंय, श्रेय दुसऱ्या कुणी लाटायला नको.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

मामा


२ सप्टेंबर

ती. स्व. मामांना सा. न.

सरांनी तुमचं पत्र चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. अक्षराचं कौतुक केलं. रागावले अजिबात नाहीत. घरी इतके जाणकार असताना हिला इथल्या मदतीची काय गरज, एवढंच म्हणाले. पुढच्या सत्राची सही त्यांनी केली नाही. बाकीच्या प्राध्यापकांना विचारलं. सगळ्यांच्या जागा अचानक भरल्या आहेत.

तुम्हाला बोल लावत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला? लावते.

तुमची भाची


९ सप्टेंबर

चि. पोरीस आशीर्वाद.

मी लिहिलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी दुकानात चित्त लागत नाही. परवा एका बाईंच्या मशीनला सुई उलटी बसवली, असं माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. तुझी आई मला ताट वाढते, पण बोलत नाही.

घरी ये. नाहीतर मी तिकडे येतो आणि तुझ्या सरांचे पाय धरतो. मी कुणाचे धरलेले नाहीत, तुला माहीत आहे. कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल, पण टाक.

मामा


३० नोव्हेंबर

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

येऊ नका. मला नोकरी लागली आहे. त्याच शाळेत, त्याच वर्गावर. आधीच्या बाई सोडून गेल्या आणि सरांनीच माझ्यासाठी शब्द टाकला. पगारातून फी भागते, परीक्षेला बसता येईल.

काल सर पाहुण्यांना आपली पद्धत दाखवायला घेऊन आले. मागच्या बाकावर नवी सहायक होती, माझ्याच जागी. मी प्रश्न विचारला. सगळे हात वर गेले. खिडकीजवळची एक मुलगी मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिला उत्तर येत नव्हतं आणि ते लपवावं असं तिला वाटत नव्हतं. सर माझ्याकडे बघत होते. मी तिला डोळ्यांनी खुणावलं.

मामा, तिनं डावा हात वर केला.

आईला सांगा, मी बरी आहे. तुम्ही पत्र लिहीत जा. फक्त मला.

तुमची पंडितीण