पायी जायचा रस्ता

आप्पा, एक गंभीर तक्रार आहे. घरात ती ऐकून घ्यायला कोणी तयार नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. माझ्या गाडीत पुढे एक टॅब बसवलेला आहे. टॅब म्हणजे शाळेच्या पाटीएवढी काच समजा. तो प्रत्येक गतिरोधकाला साष्टांग नमस्कार घालतो. न्हावऱ्याच्या पुढे कारेगावपर्यंत गतिरोधकांना तोटा नाही, त्यामुळे त्याची भक्ती अखंड चालू असते आणि मला एका हाताने त्याला उठवून बसवावं लागतं. टेकू म्हणून गेल्या तीन वर्षांची पंचांगं लावून पाहिली. ती घेऊनच आडवा झाला. तुमची सून मला म्हणते, "तुम्ही देवापुढे कधी इतके मनापासून वाकला नाहीत."

टॅब घ्यायचं कारण डोळे. साखरेनं आतला पडदा खराब होत चाललाय, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मान हलवली. लांबची गाडी आता बंद करा, असंही ते म्हणाले, तेव्हाही मान हलवली. घरी येऊन सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. फोनवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, टॅबवरची मुंगळ्यांसारखी, म्हणून टॅब. शिवाय तो बोलतो. गाडी बंद करणं मला परवडणारं नाही, आप्पा. यजमान वाटेल तेव्हा गाडी पाठवतील, नाही असं नाही. पण आणायला माणूस पाठवावा लागला की गुरुजींचा पाहुणा होतो, आणि पुढच्या कार्याला सोयीचा दुसरा कोणी सापडतो. भीमेच्या दोन्ही काठांची ही गावं तुम्ही सायकलवर धरून ठेवलीत. ती माझ्या हातून सुटायला नकोत, एवढंच माझं चाललेलं असतं.

तुम्ही विचाराल की या काचेला रस्ता कसा कळतो. मलाही वाटायचं की महिन्याचं रिचार्ज भरल्याशिवाय तिला उत्तर-दक्षिणसुद्धा कळत नसणार. कारेगावात चहाच्या टपरीवर एका बिहारच्या ट्रेलरवाल्यानं माझं अज्ञान दूर केलं. माझ्या टॅबमध्ये सिमच नाही, म्हणून मी तो पिशवीत घालून वाट विचारत हिंडत होतो. तो म्हणाला, "पंडितजी, सिम काहे को? नक्शा घर के वायफाय से उतार लो. बाकी सिग्नल तो सीधा ऊपर से आता है, उसका कोई पैसा नहीं." मग त्यानं टॅब उघड्यावर धरला आणि दोन मिनिटं थांबायला लावलं. नेट नसलं की पहिल्यांदा वेळ लागतो म्हणाला. निळा ठिपका उमटला, टपरीच्या बरोब्बर दारात. सगळ्या टॅबमध्ये हे यंत्र नसतं म्हणे, माझ्यात निघालं. वर उपग्रह फिरत असतात, ते आपले सतत बोलत असतात आणि टॅब नुसता ऐकतो. आपण कुठे आहोत हे आपल्याला कळतं, त्यांना आपला पत्ताही नसतो. नवग्रहांची शांत करून पोट भरणाऱ्या माणसाला ही व्यवस्था फार ओळखीची वाटली. मी शिरूर आणि दौंड एवढाच नकाशा उतरवून घेतलाय. त्यापलीकडे माझ्या टॅबमध्ये जग कोरं आहे. तुमचा पूजेतला संकल्प मात्र ऐसपैस होता. गोदावरीच्या दक्षिण तीरावर म्हटलं की शिरूरही आलं, दौंडही आलं, आणि कुठे वळायचं हा प्रश्न सायकलवर सोपवलेला.

तुमच्याबरोबरचा एक दिवस मला अलीकडे सारखा आठवतो. मी चौदाचा असेन. पारगावच्या अलीकडे एका मळ्यात पूजा आहे. चूल दारातच, तिथून प्रसादाच्या शिऱ्याचा वास येतोय. मी ऐटीत डोळे मिटून म्हणतोय, कारण मला सगळं पाठ आहे आणि ते सगळ्यांना दिसावं असं वाटतंय. तुम्ही मध्येच थांबून, साऱ्या बायामाणसांदेखत म्हणता, "पान उलट." मी डोळे उघडतो. पोथी पहिल्याच पानावर. परतताना मी कॅरिअरवर बसून फुगलो होतो. तुम्ही मागे न बघता म्हणालात, "पाठ आहे हे मला माहीत आहे रे. पण डोळे मिटून म्हणायला लागलं की मधला एखादा श्लोक गळतो, आणि गळला हे म्हणणाऱ्यालाच कळत नाही." तेव्हापासून पाठ असलं तरी पान उलटायची सवय लागली. आज तीच सवय माझी अब्रू सांभाळून आहे. मी वेळच्या वेळी पान उलटतो. त्यावर काय छापलंय हे मला दिसत नाही, हे कुणालाच कळत नाही.

तर गेल्या आठवड्यात कारेगावात वास्तुशांत होती. जुने यजमान, शेत विकून कंपनीतल्या कामगारांसाठी खोल्या बांधल्यात. गल्लीला नाव नाही, घराला नंबर नाही, म्हणून त्यांनी 'लोकेशन' पाठवलेलं. ते घरीच नेट असताना नकाशावर खूण करून घेतलं आणि चौफुल्यावरून निघालो. पारगावच्या पुलाकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मुहूर्त जवळ येत होता. गाडी बाजूला घेऊन मी टॅबमधल्या बाईला दुसरी वाट विचारली. तिनं लगेच दाखवली, अंतरही कमी. ही वाट आपल्याला कशी सुचली नाही, म्हणून मी मनात तिचं कौतुकही केलं. घोटाळा असा होता की आदल्या दिवशी मी घरापासून गिरणीपर्यंत चालत जाऊन तिची परीक्षा घेतली होती, आणि 'पायी' वरची खूण बदलायला विसरलो होतो. पंचावन्न वर्षांचा ब्राह्मण पीतांबर नेसून कारेगावपर्यंत चालत निघालाय, असं तिला वाटत होतं.

उसातून वळणं घेत घेत मी थेट नदीवर, जुन्या बंधाऱ्याच्या तोंडाशी गेलो. तुम्ही सायकल हातात धरून जायचात तसला अरुंद. गाडी वर घातलीही. तेवढ्यात आरोळी आली, "आवं थांबा! थांबा की!" मी करकचून ब्रेक दाबला. टॅबनं नमस्कार घातला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई बॉनेटला हात टेकून उभी होती.

"दिसत न्हाई व्हय? चारचाकी कवा गेलीया का हितनं? बोर्ड हाय की एवढा मोठा!"

"कुठं आहे?"

"आता काय सांगू! तुमच्या पुढ्यात!" मग माझं गंध आणि उपरणं तिच्या ध्यानात आलं. "अगं बया, गुरुजी हाय व्हय. चुकलं माजं. पर जायाचं कुठं?"

आडव्या पडलेल्या टॅबमधून आवाज आला, "सरळ पुढे चालत राहा."

"ही कोण?"

"ही वाट दाखवते."

"हिला म्हणावं, तू व्हय पुढं. गुरुजी, तुमी घ्या गाडी माघारी. म्या सांगते तसं."

भारा खाली टाकून, हातवारे करून तिनं मला मागे घेतलं. मी पुलावरून गेलो, मुहूर्त टळल्यावर पोचलो. यजमान म्हणाले, "असू द्या गुरुजी, भाडेकरू कवाच राहायला आल्यात. वास्तू काय आज शांत व्हायची ऱ्हायली न्हाई." घरी येऊन मी ही गोष्ट रंगवून सांगितली. पायी जाणारा ब्राह्मण, बंधारा, "तू व्हय पुढं". तुमची सून डोळे पुसेपर्यंत हसली. शेजारी सांगितली, तेही हसले. आता ती माझी ठेवणीतली गोष्ट झालीय.

त्यातली एक ओळ मी कुणालाच सांगितलेली नाही. बोर्ड दिसला नाही हे सांगतो, त्याचं काही नाही, बोर्ड मला वर्षभर दिसतच नाहीत. ती बाई दिसली नव्हती. भर दुपारी, डोक्यावर एवढा हिरवा भारा, अंगावर लाल लुगडं, आणि ती माझ्यापासून दोन हातांवर येईपर्यंत माझ्यासमोर नुसता बंधारा होता. ती ओरडली म्हणून नुसत्या आवाजावर मी थांबलो. एखादी न ओरडणारी असती, किंवा पोरगं असतं, तर मी तसाच पुढे गेलो असतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुम्हाला ते पोचणार नाही म्हणूनच मला लिहिता आलं. खरं तर ते स्वयंपाकघरात द्यायला हवं, तिथे भांड्यांचा आवाज येतोय, तुमची सून जागीच आहे. पण उद्या सकाळी मांडवगणला गृहप्रवेश आहे, मी येतो म्हणून सांगितलंय, आणि गाडी मीच चालवणार आहे. मला भीती वाटते, आप्पा, की माझ्या हातून कुणीतरी जाईल.