रेघ ताईची, निवड माझी

रिसोड, १० फेब्रुवारी २०२५

ती. ज्योत्स्नाताईस, लखनचा शि. सा. न.

पत्र पाहून घाबरू नको, मी मजेत हाये. फोन आपल्या गावच्या, जऊळक्याच्या ठेसनावर उतरताना गाडीतच राह्यला. गाडी अकोल्याकडे गेली, मी इकडं रिसोडले आलो. सोयाबीनचे कट्टे उतरवून राह्यलो. इथला प्रेमसिंग कट्टे शिवता शिवता डुलकी घेते, पण टाका चुकत नाही! मी तर अर्धा दिवस त्यालेच पाहत बसलो. जाऊ दे, मुद्दा दुसराच हाये.

बाबा जाऊन वर्ष होत आलं. तू म्हणते, हक्क सोडल्याची सही करून देते, वावर सगळं तूच घे. कायले? वावर गळ्यात पडलं की मी तिथंच रुजलो समज. तुमीच घ्या. नाहीतर भाऊजींले इचार. गणिताचे प्रोफेसर हायेत, वाटणीचा काहीतरी फार्म्युला असंलच त्यायच्यापाशी.

रागावली तरी माया आटू देऊ नको,
लखन

कारंजा, १८ फेब्रुवारी

चि. लखन यास अ. आ.

फोन हरवला हे काय कौतुकानं लिहितोस रे, येड्या? वावर कायले, म्हणे! शेजारच्या भुरीबाईनं भावाकडून हिस्सा घेतला, तर राखीला त्यानं दार उघडलं नाही. मले वावर नको, माहेर पाहिजे. वावरातल्या त्या घरात तू राह्यलास तरच ते माहेर. आईबाबा दोघंही नाहीत, आता तूच उरला.

तुझ्या भाऊजींना विचारलं ही माझी चूक. जेवता जेवता त्यांनी पोळी हातात धरून शिकवलं. एकानं कापायची, दुसऱ्यानं आधी उचलायची. मोठा तुकडा दुसरा उचलंल या भीतीनं कापणारा अगदी मधोमध कापतो. मग कोणाची तक्रार राहत नाही. शिकवणं संपेपर्यंत पोळीचा पापड झाला होता.

तर सोबत नकाशा आहे. रेघ मी मारली. एका बाजूला घर, विहीर, सगळी काळी जमीन. दुसऱ्या बाजूला नाल्याकाठचा बाभळीचा पट्टा. आता निवड तुझी. तुझ्यासारख्यालेही कळंल काय निवडायचं ते. रेघ भाऊजींना दाखवलेली नाही.

जेवत जाजो वेळेवर,
तुझी ताई

रिसोड, २६ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

नकाशा भेटला. चित्रकलेत तू पहिल्यापासून कच्चीच, विहिरीची भाकर केली. मी बाभळीचा पट्टा निवडला. खूण केली, सही केली, प्रेमसिंगचा अंगठाही घेतला. बाभळीले ना नांगर लागत, ना पाणी, ना मी.

मोठी बहीण असून मले फसवाले निघाली होती काय? आता बोंबलू नको. कायदा तुह्याच नवऱ्याचा हाये.

लोभ होता तेवढाच ठेव, मले पुरते,
लखन

कारंजा, ५ मार्च

श्री. लखन यांस, इंद्रभान यांचा स. न.

एम.एस्सी.च्या वर्गाला मी ही पद्धत बारा वर्षं शिकवतो आहे. तिच्यात गृहीत एकच आहे, माणसाला जास्त हवं असतं. त्याबद्दल आजवर कुणी शंका काढली नाही. तुमच्या बहिणीनं जवळजवळ सगळं एका बाजूला ठेवलं, तुम्ही शांतपणे दुसरी बाजू उचललीत, आणि वर दोघंही फसवल्याची तक्रार करता आहात!

ज्योत्स्ना माझ्याशी धड बोलत नाही. भांडी मात्र बोलतात. मी म्हटलं, उलट करू, लखनना रेघ मारू दे, तू निवड. ती म्हणाली, तो अख्खं वावर एकीकडे ठेवील आणि दुसरीकडे नुसता कागद. मला हे खोडून काढता येईना.

कृपा करून दोघांपैकी एकानं तरी थोडं हावरट व्हावं.

आपला त्रासलेला,
इंद्रभान

जऊळका, २० एप्रिल

चि. लखन यास अ. आ.

गावाचं नाव पाहून चमकलास ना? तलाठ्याकडे नाव चढवायचा अर्ज दिला आणि घर उघडलं. तीन दिवस झाडत होते. झाडता झाडता तुले एवढ्या शिव्या दिल्या की तुझे भाऊजी दोनदा बाहेर जाऊन उभे राह्यले. ओट्यावर बसून रडलेही. विहीर माझी, वावर माझं, घर माझं, अन् यायला माहेर म्हणून एक उंबरा उरला नाही.

काल आंब्याची पाटी उतरवली. कच्चे आंबे पिकाले घालताना हात आपसूक तुझ्यासाठी वेगळे काढू लागले. मग म्हटलं, घर माझं झालं तर माझं माहेर गेलं, पण तुले तर घरच नाही. म्हणजे माहेर तुझं झालं!

तर आता नीट ऐक. अखजीच्या सणाला गावोगावच्या लेकी माहेरी येतात, तसा तू येजो. भाऊजी रिसोडच्या स्टँडवर घ्यायला येतील. त्यांना तुझ्याशी पोळीबद्दल बोलायचं आहे, ते ऐकून घेजो. शर्टाचं कापड आणून ठेवलं. चार दिवस राहायचं, झोपायचं, रस प्यायचा, काडी इकडची तिकडं करायची नाही. मग खुशाल जा, कोणी अडवणार नाही.

पण जाताना वळून पाहायचं, अन् डोळ्यात पाणी आणायचं. नाही आलं तर पुन्हा रेघ मारीन.

वाट पाहते,
ताई