गुलाबाच्या चित्राची बाटली

८ एप्रिल, मंगळवार
लातूर जिल्हा झाल्यापासून आमचं घर सरकारी विश्रामगृह झालं आहे. कलेक्टर कचेरीत काम निघालं की निलंग्याची मंडळी पिशवी घेऊन दारात. टँकर मात्र वाढलेला नाही. उद्या मेव्हणे सहकुटुंब येणार, म्हणून सुमतीचा (धर्मपत्नी, गृह व पाणीपुरवठा ही खाती तिच्याकडे) हुकूम: संडासासाठी ॲसिड आणा. कोपऱ्यावरचे दुकानदार वीरभद्रअप्पा यांनी कॅनमधून सरबताच्या जुन्या बाटलीत ओतून दिलं. वर गुलाबाचं चित्र तसंच. सुरेख दिसतं.

१० एप्रिल
काल लिहिणं झालं नाही. काल सकाळी सुमतीनं हौद घासला, नगरपालिकेनं वाटलेली ब्लिचिंग पावडर टाकून. ते पाणी फेकायचं कसं? यंदा तांदळाचं धुवणसुद्धा दोन कामं केल्याशिवाय मोरीत जात नाही. बादलीत राखून ठेवलं, संडासाला. मग आत ॲसिड ओतलं, घरभर वास नको म्हणून दार लोटून घेतलं, आणि वरून तीच बादली.

मी ओसरीत दुष्काळाची बातमी लिहीत होतो. खोकला ऐकला. वाक्य पुरं करून उठू म्हटलं. तेवढ्यात बादली पडली. दार उघडलं तर पिवळट धूर, डोळे उघडेनात. सुमती हाताला लागली तशी ओढून बाहेर काढली. ओठ निळे. रिक्षा. दवाखाना. ऑक्सिजन.

डॉ. सय्यद म्हणाले, "दोन्ही चीजा आपापल्या जागी ठीक. एकत्र आल्या की जहर. कुणी बोललं न्हाई का तुम्हाला?"
कोण बोलणार. गुलाब?

१२ एप्रिल, शनिवार
घरी आणली. आवाज जवळजवळ नाही. बोलायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. फुप्फुसांना सूज आहे. दम लागणं कायमचं राहील की जाईल, हे डॉक्टर आज सांगत नाहीत. लग्नानंतर प्रथमच वादात शेवटचा शब्द माझा. काही मजा नाही त्यात.
मेव्हण्यांनी संडास स्वतः धुतला. नुसत्या पाण्यानं. दोन घागरी. सुमतीनं खुणेनं एक घागर वाचवायला सांगितली होती.

१३ एप्रिल
अप्पा खडीसाखर घेऊन आले. भस्म लावलेलं कपाळ खाली घालून बसले. मी विचारलं, बाटलीवर साधी चिठ्ठी का नाही चिकटवत.
"कागद लावला की गिऱ्हाईक भितंय, शास्त्रीबुवा. शेजारच्या दुकानात जातंय. तिथं बी हेच."
म्हटलं, "अप्पा, तुमच्या देवानं हलाहल कंठात धरलं. पण आपण काय पितोय ते त्याला ठाऊक तरी होतं."
हसले नाहीत. मीही नाही. संस्कृत पाठशाळेत दहा वर्षं काढल्याचा एवढाच उपयोग, माणसाला नेमकं दुखवता येतं.
ते गेल्यावर सुमतीनं पाटीवर लिहिलं: बातमी द्या. अप्पांचं नाव नको.

१६ एप्रिल, बुधवार
बातमी आली. मी दीड पान पाठवलं होतं: दोन वस्तू, राखलेलं पाणी, बंद दार, बिनचिठ्ठीच्या बाटल्या. छापलं ते चार ओळी. शीर्षक: 'ब्लिचिंग पावडरमुळे महिला अत्यवस्थ'. ॲसिड गेलं कात्रीत. नांदेडला पेपरच्या कचेरीत फोन लावला. उपसंपादक म्हणाले, जागा नव्हती, टँकरच्या बातम्या फार. आणि वहिनी कशा आहेत?

१८ एप्रिल
गल्लीतल्या बायकांनी पावडरच्या पुड्या उकिरड्यावर टाकल्या. टँकरचं पाणी तसंच पिणं चालू आहे. पेपरात आलंय म्हणे, बाईचा जीव जाता जाता राहिला. ॲसिड मात्र सगळ्यांच्या घरी आहे, चुलीशेजारी, रॉकेलशेजारी. माझ्या बातमीचा इतका परिणाम पूर्वी कधी झाला नव्हता.
समोरच्या रझियाबींच्या नातवाला कालपासून जुलाब. पाण्यामुळेच, असं खात्रीनं सांगता येत नाही. सुमतीला सांगायला नको होतं. सांगितलं.

२० एप्रिल, रविवार
टँकर दहाला आला. मी दाढी करत होतो. बघतो तर सुमती घागरींच्या रांगेत. डॉक्टरांनी काय सांगितलंय म्हणून ओरडत गेलो. तिनं हातानं गप्प केलं आणि बायकांशी बोलायला लागली. आवाज कसला, नुसता वारा. दुसऱ्या बाईलाही ऐकू जाईना. मग ती एक वाक्य म्हणे, मी ते मोठ्यानं म्हणे. गुरुजी संथा देत तसं. पावडर पिण्याच्या पाण्यात टाकायचीच. त्या पाण्यावर ॲसिड कधीच नाही. दार उघडं ठेवायचं. माझ्या तोंडाला साबण, कमरेला लुंगी, अख्खी गल्ली ऐकतेय. हसल्या सगळ्या, पण ऐकलं.
रझियाबी म्हणाल्या, "बाई, म्हंजी घरातली बाटली आता फेकायची का ठेवायची?"
सुमतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खोकला लागला. थांबेना. टँकरवाल्यानं नळी बंद केली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिच्याकडे.