बिनकोटाचा बुद्धघोष

परंडा, सोमवार

प्रिय राजपाल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. नागपूरचा पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला, तिच्यावर रागावू नकोस. दमलेय रे मी. लग्नसराई संपली की वाटतं जरा पाठ टेकावी, तर लोकांना मरायला नेमका तोच मुहूर्त सापडतो. माझ्या स्टुडिओचं निम्मं पोट मयताच्या फोटोंवर भरतं. घरचे आधारकार्डावरचा एवढासा चेहरा आणतात. मी तो मोठा करते, मागं निळं आभाळ टाकते आणि अंगात कोट घालते. जन्मभर बंडीत वावरलेला माणूससुद्धा माझ्याकडून कोट-टाय घालून भिंतीवर जातो. इकडची रीतच आहे ती. सुरुवातीला हसू यायचं, आता येत नाही.

महिन्यामागं पुण्याहून शिवप्रिया नावाची एक मुलगी आली. पुण्यातल्या पहिल्यावहिल्या पंक बँडांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवतेय. मी म्हटलं, बाई, ते ऐकायला पंधरा माणसं यायची, त्यातली निम्मी भांडायला. तरी तिनं माझी निगेटिव्हची पेटी उघडायला लावलीच. होस्टेलमागचं पत्र्याचं गोडाऊन, आपला ‘बोंब’ बँड, माइक गिळायला निघालेला तू. आणि बुद्धघोष. वडिलांच्या गायन पार्टीत भीमगीतांना ढोलकी वाजवून हात तयार झालेला तो पोरगा ड्रमवर कसा तुटून पडायचा, आठवतं ना? शिवप्रियानं त्याचाच फोटो निवडला. केस कात्रीनं कुरतडलेले, फाडलेल्या शर्टाला सेफ्टी पिना, आणि तोंड हे एवढं उघडं. मी म्हटलं, लाव, पण आधी त्याच्या आईला विचारू.

म्हणून आम्ही तेरला त्याच्या घरी गेलो. विठाबाई मावशी आता फार वाकल्यात. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि शेजारी बुद्धघोष, मीच करून दिलेला, निळ्या कोटातला, केस चापून बसवलेला. खाली दोन मेणबत्त्या. तिथं नेहमी दोनच असतात. एक त्याच्या वडिलांची असेल, असं मी धरून चालले होते. गोडाऊनमधला फोटो हातात घेऊन मावशी म्हणाल्या, ह्यो येड्यावानी कोण? माझं लेकरू आसं नव्हतं. ह्येला बी कोट घाल, केस इंचर, मग लावा कुठं लावायचा तिथं. शिवप्रियाचा चेहरा उतरला. मला दहा मिनिटांचं काम होतं, आणि खरं सांगते, घालून मोकळं व्हावं असंही वाटून गेलं. पण तो जसा होता तसा एवढ्या एकाच फोटोत उरलाय, तोही पुसायचा का? मी म्हटलं, मावशी, भिंतीवर मोठा लागलेला एकदा बघा, नाही पटला तर तुमच्या हातानं उतरवा. शिवप्रियानंही तसा शब्द दिला.

परवा त्यांना एसटीनं पुण्याला नेलं. प्रदर्शन अजून उघडायचं होतं, पण फोटो लागले होते. मावशींच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले झेंडूचे दोन हार होते. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. चारी भिंतींवर पोरंच पोरं. एवढी समदी गेली का गं, म्हणाल्या. मोठा करून भिंतीवर टांगला म्हणजे माणूस गेलेला, हाच त्यांचा हिशेब. मी सांगितलं, तसं नाही, धडधाकट आहेत बाकीचे, पोटं सुटलीत त्यांची. त्यांनी मान हलवली, बुद्धघोषला हार घातला. मग मला न विचारता शेजारच्या फोटोकडं गेल्या आणि दुसरा हार तुला घातला.

शिवप्रिया ओशाळून हसली. मी म्हटलं, मावशी, अहो हा राजपाल. तर म्हणाल्या, ठावं हाय की, दोघं एकाच गाडीवर हुते न्हवं?

अपघातानंतर बुद्धघोषला माती दिली तेव्हा तू दवाखान्यात बेशुद्ध होतास. नंतर कधी तेरला फिरकला नाहीस. गाडी तू चालवत होतास, कुठल्या तोंडानं जाणार, हे मला कळत होतं. पण त्यांना कोण सांगणार? तुझं नाव काढलं तर मावशींना सोसणार नाही, असं आपण सगळ्यांनी परस्पर ठरवलं. त्यांनी साधा अर्थ लावला. आला न्हाय, म्हंजी त्ये लेकरू बी गेलं. वीस वर्षं ती दुसरी मेणबत्ती तुझी होती, राजपाल.

तू जिवंत आहेस, असं सांगितल्यावर त्या खाली फरशीवर बसल्या. मग उठून आधी तुझ्या फोटोवरचा हार काढला आणि घाईघाईनं पिशवीत कोंबला. रागावल्या की काय, मला समजलं नाही. मग लेकापुढं उभ्या राहिल्या, त्या उघड्या तोंडाकडं बघत. कोटाचं नावसुद्धा काढलं नाही. एवढंच विचारलं, ह्यो काय वरडतोय?

मी म्हटलं, गोडाऊनमधल्या गोंगाटात शब्द मला कधी कळलेच नाहीत. माझे कान बधिर झालेले असायचे आणि डोळा कॅमेऱ्याला. टेप कुणी केली नाही. गाणी तू लिहायचास, ती तुझ्याशिवाय कुणाला पाठ नव्हती. तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मंग त्येला घरी यिऊन सांगू दे, तवर ह्येला भिंतीकडं तोंड करून ठिवा. शिवप्रियानं शब्द पाळलाय. येत्या शनिवारी प्रदर्शन उघडेल तेव्हा मधल्या भिंतीवर फोटोची पाठच दिसेल.

हे सगळं लिहिलं ते तू तेरला यावंस म्हणून. माफीचं भाषण करू नकोस, त्यांनी गाडीबद्दल एका शब्दानं विचारलेलं नाही. त्यांच्यापुढं बस आणि ते शब्द म्हणून दाखव, शिव्या असल्या तरी म्हण. तू आहेस यावर त्यांचा अजून विश्वास नाही, मी समजूत काढतेय असं वाटतंय त्यांना. काल घरी सोडून निघताना दारातून वळून पाहिलं, तर दोन्ही मेणबत्त्या लावत होत्या. म्हणाल्या, डोळ्यांनी बघितल्याबिगर म्या त्येची इझवायची न्हाय.

तुझीच, कॅमेऱ्यामागची,
नंदा