हवालदारणीला फक्त चेक कळतं

ती. मामांना,

तुमच्या भाचीचा हात जोडून, मान लववून आणि (या एकाच खेपेला) छाती थोडी पुढे काढून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो, की मामी म्हणते तसा फक्त भाजी आणायला सांगितली की दुखतो? मामीचा खोकला एव्हाना गेला असेल. गेला नसेल तर तिने स्वतःच्याच औषधावरचा विश्वास थोडा कमी करावा, असं माझ्या वतीने सांगा. तुमच्या वतीने सांगू नका.

मी खुशाल आहे. नुसती खुशाल नाही, पहिली आहे. चेक भाषेच्या तोंडी परीक्षेत तुमची भाची वर्गात पहिली आली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला मध्येच वाटेल की हिला बहुधा विद्यापीठातून हाकलून दिलं.

मी चेक शिकणार म्हटल्यावर घरात काय झालं होतं ते तुम्हाला आठवत असेलच. बाबांनी विचारलं होतं, चेक शिकून वटवणार कुठे? मोठ्या काकांना अजूनही वाटतं की मी चौकड्यांच्या कापडाचा अभ्यास करते (गेल्या खेपेला त्यांनी मला शर्टाचं कापड निवडून द्यायला सांगितलं, आणि मी दिलंही). तुम्ही एकटेच म्हणालात, "शिकू दे तिला. घरात कुणालाच येत नाही, म्हणजे चुका काढायला कुणी नाही." मामा, हा तुमचा हिशेब चुकला. चुका काढणारं भेटलंच. त्याचीच ही हकीकत.

आधी भाषेबद्दल थोडं सांगते, नाहीतर माझ्या पराक्रमाचं मोल कळायचं नाही. ही भाषा मराठी माणसाची चेष्टा करायलाच जन्माला आली असावी. त्यांच्यात "मी" म्हणजे आम्ही. "या" म्हणजे मी. "ती" म्हणजे तू. त्यामुळे पहिले काही महिने मी वर्गात स्वतःबद्दल बोलायला लागले की स्वतःचाच आदरसत्कार होई आणि मैत्रिणीला हाक मारली की ती मागे वळून बघे, ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय म्हणून. वर "नो" म्हणजे बऱ्याचदा हो. विभक्त्या सात. शाळेत "स ला ते, स ला ना ते" घोकून मी जी सुटका करून घेतली होती, ती सगळी इथे व्याजासकट पुन्हा मानेवर बसली. आमच्या मॅडम फार गोड बोलतात. माझे उच्चार ऐकून त्या एकदा म्हणाल्या होत्या की तू चेक बोलतेस तेव्हा मला मराठी शिकावंसं वाटतं. मी आधी ही स्तुतीच समजले होते.

तर वसतिगृहाच्या मागच्या रस्त्यावर औषधांचं एक गोदाम आहे. गोदामाच्या मालकांनी मोठ्या हौसेने राखणीला एक परदेशी कुत्री आणली होती. करड्या रंगाची, उभ्या कानांची, आणि तोंडावर असा भाव की समोरचा माणूस काहीतरी लपवतोय हे तिला ठाऊक आहे. पहारेकरी तिला हवालदारीण म्हणे. तिला शिकवून तयार करणारा माणूस जुन्या पहारेकऱ्याला काय काय सांगून गेला होता, पण तो पहारेकरी नोकरी सोडून गावी गेला आणि जाताना ती विद्या बरोबर घेऊन गेला. तेव्हापासून हवालदारीण कुणाचंच ऐकेना. नव्या पहारेकऱ्याच्या मते ती बहिरी होती. मालकांच्या मते माजली होती. तिला कुठेतरी देऊन टाकायचं चाललं होतं, आणि असल्या कुत्रीला घेतंय कोण?

एका सकाळी मी त्या रस्त्याने सर्वनामांची चतुर्थी घोकत चालले होते (वसतिगृहात मोठ्याने घोकायला बंदी आहे, मैत्रिणींनीच घातलेली). पाहते तर फाटकात मालक एक हात पुढे धरून पुतळ्यासारखे उभे, त्यांच्या कोटाची बाही हवालदारणीच्या दातांत, आणि भोवतीचे हमाल, पहारेकरी, चहावाला तिला येतील तेवढ्या भाषांत सोड म्हणून सांगताहेत. विनवण्या झाल्या, बिस्किटं झाली, शिव्याही झाल्या. ती ढिम्म. मी मदतीला वगैरे थांबले नव्हते हो. घाबरून थांबले होते, आणि घाबरले की माझं घोकणं आपोआप मोठ्याने होतं. "के म्न्ये, क तोब्ये, क न्येमू", म्हणजे माझ्याकडे, तुझ्याकडे, त्याच्याकडे.

पहिल्याच शब्दाला तिने कान टवकारले. मी पुन्हा "के म्न्ये" म्हणाले मात्र, बाही सोडून ती बाणासारखी माझ्याकडे सुटली. मामा, त्या क्षणी मला कुलदैवत आठवलं नाही, आई आठवली नाही. वाटलं, एका विभक्तीपायी जीव जाणार. डोळे मिटून घेतले. उघडले तर ती माझ्या पुढ्यात ताठ बसून, मान वर करून, पुढच्या हुकमाची वाट पाहत होती. बहिरी नव्हती, माजलेली नव्हती. बिचारीला इतके महिने कळेल अशा भाषेत कुणी बोललंच नव्हतं. परक्या वर्गात मागच्या बाकावर बसून काहीच न कळणं म्हणजे काय, हे मला पक्कं माहीत आहे. मला तिथेच भर रस्त्यात रडू आलं. डोळे पुसताना "लेहनी" म्हणून पाहिलं, तर ती आडवी झाली. चहावाल्याने मला हात जोडले.

मग रोज सकाळी आमची शिकवणी सुरू झाली. कोण कुणाला शिकवत होतं ते विचारू नका. मॅडम अर्धवट उच्चाराला अर्धे गुण तरी देतात. हवालदारीण शून्यच देते. तोंडातला चेंडू सोड म्हणून "पुस्त्य" सांगताना शेवटचा "त्य" जरा कोरडा पडला, की ती चेंडू तसाच धरून माझ्याकडे अशी बघते, जणू मीच तिच्या डोळ्यांदेखत नापास होतेय. जमलं की मी तिला "होद्ना" म्हणते, म्हणजे शहाणी गं माझी. पहारेकऱ्यालाही मी शब्द शिकवले. त्याचे उच्चार माझ्यापेक्षा वाईट आहेत (हे लिहिताना मला किती बरं वाटतंय).

आता परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक अस्सल चेक, वयस्कर, उंच, पांढऱ्या मिशांचे. मी आत गेले तेव्हा ते खिडकीशी उभे होते. बसा असं आदरानं म्हणायचं वाक्य मी पाठ केलं होतं. पण ऐन वेळी ते कुठे गेलं देव जाणे, आणि सरावाच्या खणखणीत आवाजात तोंडून निघालं, "सेद्नी." म्हणजे बस. तेही तू बस.

ते बसले. मामा, ते खरंच बसले. मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. आणि एवढ्यावर थांबावं की नाही? सवयच ती. मी लगेच म्हणाले, "होद्नी." शहाणा रे माझा.

मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हे कुठे शिकलीस म्हणून विचारलं. मी हवालदारणीची सगळी गोष्ट चेकमध्ये सांगितली. अडखळत सांगितली, पण मराठीचा आधार न घेता. शेवटी ते मॅडमना म्हणाले, "हिने मला चुकून तू म्हटलं, पण शहाणी न म्हणता शहाणा म्हटलं. जीभ घसरली तरी लिंग चुकलं नाही. हिला भाषा येते." मॅडमनी हे मला बाहेर येऊन पुन्हा सांगितलं, आणि पाठीवर हात ठेवला. बाबांना यातलं तेवढंच शेवटचं वाक्य सांगा.

मामीला नमस्कार, धाकट्यांना पापे.

तुमची,
भाची

ता. क. वर्गात पहिली आले हे खरंच आहे. वर्गात आम्ही तिघी आहोत. एकीला कावीळ झाली होती आणि दुसरीची परीक्षकांना पाहून वाचाच बसली. तरी गुण माझेच आहेत.

आणखी एक. मालकांनी माझं फार कौतुक केलं आणि म्हणाले, कुत्री तुझं ऐकते तर तूच ने. आमच्या वसतिगृहाच्या बाईंना खोलीत मनीप्लांटही खपत नाही. तुमच्या घराला अंगण आहे. तुम्ही दिवसभर रिकामे असता (मामीचे शब्द). शब्द मोजकेच आहेत, मागच्या पानावर देवनागरीत लिहिलेत. चुकलात तर ती नुसती बघत राहील, मनाला लावून घेऊ नका.

सगळ्यात शेवटचं. हे पत्र टपालाने नाही, टेम्पोवाल्याच्या हाती पाठवते आहे. तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे तो दारात उभा असेल. त्याला आधी पाणी द्या, प्रवासभर त्याच्याकडे कुणीतरी संशयाने बघत होतं. आणि मामीला म्हणावं, बाहेर येताना ओरडू नकोस. ओरडायचंच असेल तर चेकमध्ये ओरड.